चार वाजताचा पाठ

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. जुबा शहरातल्या एका इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांच्या आणि तडकलेल्या बादल्यांच्या मागे मी पडून आहे. माझी एरियल कधीच मोडली. तिच्या जागी छत्रीची एक काडी बसवलेली आहे. माझ्या पोटातले सेल फुटून त्यांचा हिरवट चिकटा सगळीकडे पसरला आहे, त्यामुळे मला आता बोलता येत नाही. पण कधीकाळी मी खूप बोललो. एका बाईला मी तिच्या वयाच्या पंचेचाळिशीत एक अख्खी भाषा ऐकवली. तिची गोष्ट तुम्हाला सांगावी, असं फार दिवसांपासून मनात आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानच्या बाजारात, एका टोपलीत. तिथून मला दोन बहिणींनी उचललं. थोरली पोनी आणि धाकटी किदेन. दक्षिणेतल्या लढाईला कंटाळून त्यांचे आईवडील खार्टूमला आले होते, आणि पोरी तिथेच वाढल्या. किदेन नर्स होती. तिचं सगळं शिक्षण अरबीत झालं. औषधांची नावं अरबीत, रोग्याची समजूत अरबीत, डॉक्टरांशी भांडण तेही अरबीतच. मीही त्या काळी अरबीच बोलायचो. संध्याकाळी पोनी माझा कान पिळून गाणी लावायची आणि किसऱ्याचं, म्हणजे तिथल्या पातळ भाकरीचं, पीठ ढवळता ढवळता कंबर हलवायची. घर एवढंसं होतं, पण मला कधी एकटं वाटलं नाही.

मग देशाचे दोन तुकडे झाले. खार्टूम उत्तरेच्या देशात राहिलं, जुबा दक्षिणेच्या नव्या देशात. दक्षिणेतली माणसं घरी परतू लागली. "तू पुढे हो," पोनी म्हणाली. "नर्स हव्यात म्हणतात तिकडे. माझ्या पोरांची शाळा सुटली की आम्ही येतोच." किदेनने एक गाठोडं घेतलं, मला घेतलं, आणि कोस्तीच्या धक्क्यावरून आम्ही तराफ्यावर चढलो. नाईलच्या पाण्यावर कितीतरी दिवस गेले. दोन्ही काठांना नुसतं गवत. जसजसं दक्षिणेकडे आलो, तसतशी माझी ओळखीची केंद्रं एकेक करून विझली. जुबाला उतरलो तेव्हा तिने माझा कान इकडून तिकडे फिरवून पाहिला. मी खरखरलो आणि इंग्रजी बोलू लागलो. किदेनने मला कानाशी धरलं आणि घाबरून बंद केलं.

नव्या देशाची सरकारी भाषा इंग्रजी होती. इस्पितळातले तक्ते इंग्रजीत, डॉक्टर युगांडातल्या गुलूचे. त्यांचं नाव म्वाका. माणूस भला, पण त्यांना अरबीचा एक शब्द येत नव्हता. मेट्रन रेबेका किदेनपेक्षा लहान होती. ती केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत शिकली होती आणि इंग्रजी कसं फाडफाड बोलायची.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. म्वाका डॉक्टर एका मुलाच्या खाटेपाशी उभे राहून किदेनला म्हणाले, हे मूल 'थ्रो अप' करतंय, बघ जरा. थ्रो म्हणजे फेकणे, अप म्हणजे वर, एवढं तिला ठाऊक होतं. तिने छताकडे पाहिलं. मग खाली वाकून खाटेखाली पाहिलं, मुलाने काय फेकलं म्हणून. तोवर मुलाने तिच्या पाठीवर ओकून टाकलं होतं.

सगळा वॉर्ड हसला. मेट्रन मात्र हसली नाही. "वीस वर्षं नर्स होतीस म्हणे! तुमच्या खार्टूममध्ये आजारी माणसं ओकत नव्हती का?"

दुसऱ्या दिवशी किदेनच्या हातात पोछा आला. तक्ते वाचता येत नाहीत तोवर फरशी आणि चादरी, असं ठरलं. तिने बादली भरली. भांडणार तरी कोणत्या भाषेत? बाकीच्या नर्सा तिला पाठीमागे 'अरबीण' म्हणत. जेवायच्या वेळी ती आवारातल्या कडुनिंबाखाली एकटी बसे. माझ्याशिवाय तिच्याजवळ कुणी नसे, आणि मीही तिच्या ओळखीचं बोलत नव्हतो.

त्याच निंबाखाली एका दुपारी चार वाजता तिने मला पुन्हा लावलं. एका बाईंचा शांत आवाज आला. रोजच्या बोलण्यातली इंग्रजी शिकवणारा तो पाठ होता. बाई एक वाक्य म्हणत, थांबत, पुन्हा म्हणत. किदेनचे ओठ हलू लागले. त्या दिवसापासून चार वाजले की पोछा बादलीत आणि मी तिच्या मांडीवर.

शब्द तिने भराभर उचलले. चमचा, उशी, ताप, जिना, काल, परवा. पण ती जोडक्रियापदं! साध्या क्रियापदाला मागे एवढंसं शेपूट लागतं आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. मित्रांनो, तुमच्या भाषेत तरी काय वेगळं आहे? तुम्ही दिवा लावता, दार लावता, झाड लावता, आणि वर कुणाची तरी वाटही लावता. परक्या माणसाने ते कसं ओळखावं?

खिडकीजवळच्या खाटेवर लादू नावाचा म्हातारा होता. आंब्यावरून पडून त्याची मांडी मोडली होती. पाय दोरीला टांगून, खाली वजन बांधून, त्याला महिनोन्‌महिने तसंच पडून राहायचं होतं. निंब त्या खिडकीला लागूनच असल्यामुळे पाठ त्यालाही ऐकू जाई. एकदा तो खिडकीतून अरबीत ओरडला, "पोरी, ही रेडिओतली बाई एकच गोष्ट तीन-तीनदा सांगते. माझी पहिली बायको अशीच होती."

"तुम्ही तिचं पहिल्यांदा ऐकत नसाल, बाबा."

"तिसऱ्यांदाही नव्हतो ऐकत!"

त्या दिवसापासून ती मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू लागली आणि दोघांची शिकवणी सुरू झाली.

"पुट ऑन म्हणजे अंगात घालणे," किदेन म्हणाली.

"मग पुट ऑफ म्हणजे काढणे. सोपं आहे."

"नाही ना! पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. काढणे म्हणजे टेक ऑफ."

"आणि परवा ती बाई म्हणत होती, विमान टेक ऑफ करतं?"

"ते उडतं."

लादूने थोडा विचार केला. "म्हणजे या लोकांची विमानं कपडे काढून उडतात."

किदेन एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. जुबात आल्यापासून मी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

तिच्या सगळ्यात जास्त चुका एका जोडीत होत. 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे, आणि 'पास अवे' म्हणजे जाणे, कायमचं. एकदा उन्हाने चक्कर आलेल्या शिपायाबद्दल ती म्हणाली की तो पास अवे झाला, आणि त्याची बायको छाती पिटत आवारात आली. शिपाई तिथे चहा पीत बसला होता.

मग तो दिवस आला. निमुलेच्या रस्त्यावर माणसांनी भरलेला ट्रक उलटला होता. सगळ्या नर्सा आणि डॉक्टर अपघात विभागात धावले. मेट्रन जाता जाता म्हणाली, "तू इथे लक्ष ठेव. कशाला हात लावू नकोस." वॉर्डात पोछा घेतलेली किदेन, कट्ट्यावर मी, आणि चाळीसेक आजारी माणसं.

दाराजवळच्या खाटेवर अदाऊ नावाची तरुण आई होती. तिच्या अलुएलला, दोन वर्षांच्या लेकीला, हिवताप झाला होता. अचानक अदाऊ किंचाळली. पोरीचे हातपाय झटके देत होते. मग झटके थांबले आणि मान लुळी पडली.

किदेनने पोछा टाकला. पोरीला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, नाडी धरली. तिच्या हातांना भाषा लागत नव्हती. पण औषधाच्या कपाटाची किल्ली मेट्रनकडे होती आणि डॉक्टर आवाराच्या दुसऱ्या टोकाला. टेबलावर ड्यूटीचा मोबाइल होता. तिने तो उचलला, डॉक्टरांना लावला आणि पलीकडून "येस?" ऐकू आलं.

"डॉक्टर... अलुएल... द चाइल्ड पास्ड..."

ती थांबली. पलीकडे आरडाओरडा, रक्तबंबाळ माणसं. तिथे एक शब्द चुकला, तर मेलेल्या पोरीसाठी कोण जिवंत माणसं सोडून धावत येणार?

"आउट!" लादू खाटेवरून ओरडला. त्याच्या पायाचं वजन हिंदकळलं. "आउट म्हण! अवे म्हणू नकोस!"

"पास्ड आउट!" किदेन ओरडली. "आउट, डॉक्टर! शी इज अलाइव्ह!"

"होल्ड ऑन," डॉक्टर म्हणाले. होल्ड म्हणजे धरणे, पण होल्ड ऑन म्हणजे थांब, हे तिला येत होतं. ती थांबली. मग ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. हिवतापात रक्तातली साखर उतरते. साखर. ओली करून. जिभेखाली, थोडी थोडी. गिव्ह अप करू नकोस, मी निघालो.

"बाबा, तुमचा साखरेचा डबा!"

लादूने डबा फेकला. किदेनने चिमूट चिमूट साखर पाण्यात भिजवून पोरीच्या जिभेखाली ठेवली. "देवाचं नाव घे, पण तिच्या तोंडात बोट घालू नकोस," ती अदाऊला अरबीत म्हणाली, आणि अदाऊलाही तेवढी अरबी कळली. डॉक्टर आले तेव्हा त्यांचा पांढरा कोट दुसऱ्यांच्या रक्ताने भरला होता. त्यांनी सुई लावली, सलाइन चढवलं. ऊन उतरता उतरता अलुएलने डोळे उघडले आणि रडायला सुरुवात केली. अख्ख्या वॉर्डाला ते रडणं गोड लागलं.

"मला फोन कुणी केला?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती साफसफाईची बाई," कुणीतरी म्हणालं.

"आय अॅम अ नर्स," किदेन म्हणाली. ते वाक्य तिला कुठल्याही पाठात शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रन रेबेका एक घडी घातलेला गणवेश घेऊन आली. "हा माझा जुना आहे. कमरेत सैल होईल, टाके घालून घे." थोडं पुढे गेली आणि वळली. "चारला तुझा तो पाठ असतो ना? जात जा. तेवढा वेळ वॉर्ड मी बघीन."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण माझं आयुष्य पुढेही चाललं.

लादूचा पाय जुळला आणि त्याचा मुलगा त्याला गावी घेऊन गेला. निरोप घेताना म्हातारा रडला, मग म्हणाला, "हे पाणी टेक ऑफ करतंय." किदेन आता भरभर इंग्रजी बोले. पण खोलीवर परतली की बोलणार कुणाशी? पोनीचे फोन कमी होत गेले. "तू आता मोठी इंग्रजीवाली झालीस," पोनी एकदा म्हणाली. त्यात थट्टा किती आणि दुखणं किती, ते मला कळलं नाही. पोरांची शाळा सुटली, पुन्हा भरली, पुन्हा सुटली. शेवटी पोनीचं घर कैरोला गेलं आणि तो नंबर लागेनासा झाला.

त्या दिवसांत किदेन माझ्याशीच बोलायची. चहा संपला की मला इंग्रजीत सांगायची, चहा संपला. पाऊस येतोय, सांगायची. सुटीच्या दिवशी चार वाजता, चुलीवर एकटीपुरतं शिजवताना, पाठातल्या बाईंना उत्तरं द्यायची. बाई पुढचं वाक्य म्हणत, तिचं उत्तर न ऐकताच. मला फार वाईट वाटे. मी माणसाचा आवाज घेऊन येत होतो, पण तिचा आवाज कुठेही पोचवू शकत नव्हतो.

एक दिवस चार वाजता मी लागलो आणि नुसता खरखरलो. पाठ बंद झाला होता. किदेनने बराच वेळ माझा कान इकडून तिकडे फिरवला. नंतर तिने रेडिओ असलेला नवा मोबाइल घेतला आणि मला वॉर्डातल्या खिडकीत ठेवलं, रोग्यांना गाणी ऐकायला. कुणी लावी, कुणी विसरे. माझ्यावर धूळ बसू लागली.

मग शहरात गोळीबार सुरू झाला. मोबाइल बंद पडले. किदेनने टॉर्चमधले सेल काढून मला घातले आणि मी बातम्या सांगू लागलो. सगळा वॉर्ड तिच्याभोवती जमला. मी इंग्रजीत एक वाक्य बोलायचो आणि ती ते अरबीत सांगायची, मग बारी या तिथल्या बोलीत, मग मोडक्यातोडक्या दिंकात. कोणता रस्ता बंद, कोणता पूल मोकळा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी त्या दिवशी केलं.

तिसऱ्या सकाळी ट्रक आले. रोग्यांना गुलूकडे न्यायचं होतं. "चला, चला, सामान सोडा!" बाहेर कुणीतरी ओरडत होतं. किदेनच्या एका काखेत नुकतं ऑपरेशन झालेलं मूल होतं, आणि दुसऱ्या हाताने तिने त्याच्या सलाइनची बाटली उंच धरली होती. दारातून तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला तिसरा हात नव्हता. ती गेली.

घाईत मला कुणी बंद केलं नव्हतं. मी बोलत राहिलो. रिकाम्या खाटांना बातम्या सांगितल्या, हवामान सांगितलं, गाणी म्हटली, परक्या शहरातल्या फुटबॉलचा निकाल सांगितला. उशांवर डोक्यांचे खळगे तसेच होते. माझा आवाज हळूहळू खोल गेला, आणि मग सेल संपले. पुढे कधीतरी कुणीतरी मला उचलून या अडगळीच्या खोलीत टाकलं.

ती आता कुठे असेल, कोणती भाषा बोलत असेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना रेडिओ असेल आणि तो लावायचा नसेल, तर निदान त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा. नाहीतर ते आतल्या आत फुटतात. आणि तुमच्या गावात एखादी परक्या मुलखातली बाई खाली मान घालून फरशी पुसताना दिसली, तिची वाक्यं वाकडी येत असली, तर हसण्याआधी तिच्याजवळ जरा बसा. तिला विचारा, "ताई, इकडे यायच्या आधी तुम्ही काय करत होता?" ती शब्द शोधेल. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ उठू नका.