सात नंबरचा पंच

आमच्या शेडमध्ये वेल्डरचा नंबर लोखंडावर ठोकतात. जोड झाला की शेजारी नंबर कोरलेला पोलादी पंच ठेवायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. सैन्याच्या कामात कुठला जोड कुणी केला हे वीस वर्षांनीही कळलं पाहिजे, म्हणून. ज्यानं तपासनिसासमोर परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं, त्यालाच नंबर मिळतो. आमच्या मालकांचा, देवाप्पांचा, सात होता.

मी निपाणीला चौथीपर्यंत शिकले, तेही विड्या वळत. पण पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या शेडचा पहिला पत्रा मी धरला होता. आज मला नियम सांगायला येतात ते तेव्हा पाळण्यात होते.

मालक गेले. वर्षश्राद्ध झालं. मग खंडेनवमीला मी सगळ्या हत्यारांबरोबर सातचा पंच पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि दयानंदच्या हातात दिला. दयानंद माझा एकुलता मुलगा. त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट आहे, नंबर एकोणीस.

तो म्हणाला, "अव्वा, नंबर माणसाचा असतो. घराचा नसतो."

मी म्हटलं, बापाचं नाव लावतोस तेव्हा हे आठवत नाही वाटतं. कामगार हसले. दुसऱ्या दिवसापासून तो सात ठोकायला लागला.

परवा शेषगिरी नावाचे नवे तपासनीस आले. सैन्याच्या ट्रकांवर पाण्याच्या टाक्या बसतात, त्यांचे चौदा सांगाडे तयार होते. माणूस इथल्याच जुन्या मराठी घरातला, मराठी बोलतो पण निम्मी कन्नड. बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसला आणि एकेक जोड रजिस्टराशी ताडून बघायला लागला. रजिस्टर माझी सून शिवलीला लिहिते. तिनं खरं तेच लिहिलं होतं, सगळीकडे एकोणीस. लोखंडावर सगळीकडे सात.

शेषगिरींनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, जेवून येतो, तोवर हा सात नंबर कोण ते मला सांगायची तयारी करा. समाधान झालं नाही तर दयानंदचं सर्टिफिकेट जाईल, आणि शेडला सैन्याचं काम पुन्हा मिळणार नाही.

ते गेल्यावर आमचा सुपरवायझर रत्नाकर जवळ आला. मालकांचं सर्टिफिकेट अजून फायलीत आहे, म्हणाला, मुदत फाल्गुनापर्यंत. या साहेबांनी मालकांना कधी पाहिलेलं नाही. लिहिणाऱ्याची चूक झाली म्हणून सांगू, रजिस्टरात एकोणीसचे सात केले की लोखंड आणि कागद एक.

शिवलीलेनं पेन खाली ठेवलं. मी नाही करणार म्हणाली. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. रजिस्टर रत्नाकरनं ओढून घेतलं आणि खोडाखोड सुरू केली. मी ऑफिसातला मालकांचा हार घातलेला फोटो खिळ्यावरून उतरवला आणि कपाटामागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

दयानंद दारात उभा होता.

"अप्पांना परत कामाला लावतेस?" एवढंच म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय, बाजूला हो.

शेषगिरी परत आले. रत्नाकरनं सर्टिफिकेट पुढे केलं, सात नंबर म्हणजे देवाप्पा, असं ठासून सांगितलं. शेषगिरींनी नाव वाचलं.

"सरी. मग बोलवा की त्यांना. स्वल्प एक जोड माझ्यासमोर करू देत."

ते गावाला गेलेत, रत्नाकर म्हणाला.

"कधी येतील, अक्का?"

त्यांनी मला विचारलं. उभ्या आयुष्यात मी कमी थापा मारलेल्या नाहीत. पण मालकांच्या येण्याची तारीख माझ्या तोंडून निघेना. सोमवार म्हणायचं होतं, बस. रत्नाकर माझ्या तोंडाकडे बघत होता. भिंतीवर नुसता खिळा होता.

मी कपाटामागून फोटो काढला. हाराची दोन फुलं तिथेच गळाली. फोटो टेबलावर ठेवला.

"हे सात नंबर. जोड माझ्या मुलानं केलेत. पंच मी दिला. त्याला नको होता."

शेषगिरींनी फोटोवरचा हार पाहिला. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि रत्नाकरनं खोडलेली दोन पानं पाहिली. मोबाइलवर त्यांचे फोटो काढले.

मी म्हटलं, साहेब, एक्स-रे काढा. एका जोडात बुडबुडा निघाला तर शेडला टाळं लावते.

"नाही निघणार, अक्का. मुलगा चांगला वेल्डर आहे. पण जोड कसा आहे हे मी विचारलंच नव्हतं. कुणाचा, एवढंच विचारलं होतं."

त्यांनी लिहून दिलं ते असं. चौदाही सांगाड्यांचे जोड कापायचे. दयानंदचं सर्टिफिकेट रोखलं. पुन्हा परीक्षा घ्यायची की नाही ते वरचे ठरवतील. शेडचंही तेच ठरवतील, आणि ती दोन पानंही त्यांच्यासमोर जातील. पंच मागितला. काम झालं की मी तो देव्हाऱ्यात ठेवायची, तिथून आणून दिला, त्यांनी कागदात गुंडाळून बॅगेत टाकला.

फोटो शिवलीलेनं परत लावला. मग कपाटामागची फुलं उचलली.

दयानंद सकाळपासून कापतोय. वेल्डिंग करायची त्याला मनाई आहे, कापायला सर्टिफिकेट लागत नाही. अकरा वाजता मी स्वतः चहा घेऊन गेले. पेला सांगाड्यावर ठेवला आणि म्हटलं, दया, माझंच चुकलं. ग्राइंडर चालू होता. ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला नाही. समोरचा सात घासून गेला, तसा तो पुढच्या जोडाकडे सरकला.