रिकाम्या तोंडाने जायचं नाही

शिकारी कुत्री पैदा करणाऱ्या हॅरिएट पेम्बर्टनबाईंच्या कागदावर सही राजीवने ठोकली आणि निस्तरायची वेळ आली सुप्रभावर. त्या घरात तीस वर्षं हे असंच चालत आलंय. कागदात स्वच्छ लिहिलं होतं: पिल्लू शिकारी पॉइंटरच्या खानदानातलं आहे. पक्षी दिसला की जागच्या जागी थिजून नाकाने तो दाखवायचा आणि पडलेला पक्षी तोंडात धरून आणून द्यायचा, हे त्याचं काम. दीड वर्षाचं झालं की शिकारी कुत्र्यांच्या क्लबची परीक्षा. नापास झालं तर कुत्रं बाईंच्या फार्मवर परत.

"अगं, फॉर्मॅलिटी असते ती," राजीव म्हणाला.

राजीवचं कुलदैवत जेजुरीचं, म्हणून कुत्र्याचं नाव खंड्या. सुप्रभाला कुत्रं मुळात नकोच होतं. पण हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून ती रिटायर झाली, मुलगी नोकरीला एडिनबराला गेली आणि इंग्लंडातल्या मेडनहेडच्या त्या घरात दुपारी फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायला लागली. सहा महिन्यांत खंड्या तिच्या पायाशी झोपू लागला आणि ती त्याच्याशी भाजीपाल्याचे भाव बोलू लागली. तो परत जाईल हा विचार आला की ती उठून त्याच्या वाडग्यात आणखी दोन घास घालायची.

थिजायचं त्याला शिकवावंच लागलं नाही. कबुतर दिसलं की थिजला, पोस्टमन दिसला की थिजला. एकदा तर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला एक पाय वर उचलून ओट्यासमोर उभाच राहिला. राजीवने त्याच्या अंगावरून वाकून कुकर उतरवला.

घोडं अडलं ते आणून देण्यात. म्हणजे आणायचा तो उत्तम. सुप्रभा मागच्या मैदानात पक्ष्याऐवजी कॅनव्हासची सुरळी फेकायची, तो ती अलगद आणून तिच्या हातात द्यायचा. पंचाईत होती सुप्रभाची. जन्मात तिने कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. शेजारणीने केकची प्लेट पाठवली की ती चिवडा घेऊनच परत जायची, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. आता एवढासा जीव धावत जाऊन काहीतरी आणून देतो आणि त्याला तसंच पाठवायचं? तिच्या हाताला ते जमेचना. ती त्याच्या तोंडात काहीतरी द्यायची: एखादं संत्रं, लाकडी चमचा, घडी घातलेला नॅपकिन. खंड्या ते घेऊन जिथून सुरळी उचलली तिथे जायचा, नीट खाली ठेवायचा आणि परत यायचा.

"हे पुस्तकात नाहीये," राजीव म्हणाला.

"पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी वळण लावलं नसेल," सुप्रभा म्हणाली.

परीक्षा ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी होती, गावाबाहेरच्या शेतावर. गहू कापून झाला होता, नुसते खुंट उरले होते. पेम्बर्टनबाई कुंपणापाशी व्हॅन लावून उभ्या होत्या, हातात रिकामा पट्टा. तो पट्टा बघून सुप्रभाने खंड्याला जवळ ओढलं. "आज काही देऊ नकोस," राजीवने बजावलं. "हात मागे बांध."

खंड्याने फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा रानपक्षी, दाखवला तो असा, की ट्वीडची टोपी घातलेल्या परीक्षकांनी कौतुकाने मान हलवली. बार झाला, पक्षी पडला, खंड्याने तो एक पीस न मोडता आणला. सुप्रभाने भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांनी तो घेतला, राजीवकडे दिला आणि हात पाठीमागे बांधले.

खंड्या थांबला. तिच्या तोंडाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. सुप्रभाने मान फिरवली. आपली बाई आज अशी काय वागते, हे त्याला कळेना. शेवटी घराची अब्रू त्यानेच राखली. परीक्षकांच्या हातातला मार्कांचा बोर्ड अदबीने काढून घेतला, पक्षी पडला होता तिथे नेऊन ठेवला आणि परत येऊन बसला.

परीक्षकांनी त्याला बोर्ड आणायला पाठवलं. त्याने तो सुप्रभाला आणून दिला आणि बदल्यात परीक्षकांची टोपी नेली. टोपी आणली, तर थर्मास गेला. थर्मासपाठी घडीची खुर्ची गेली. पाऊण तासाने परीक्षकांचा सगळा संसार त्या खुंटांत रुखवत मांडल्यासारखा मांडला गेला होता.

"नापास," परीक्षक बोडक्या डोक्याने म्हणाले. वाईट त्यांनाही वाटत होतं.

पेम्बर्टनबाईंनी खंड्याला पट्टा लावला. त्याला घेऊन त्या व्हॅनकडे निघाल्या. दहा पावलांवर खंड्या थांबला, वळला, मान लांब केली, एक पाय उचलला आणि सुप्रभाकडे नाक करून थिजला.

बाईंनी पट्टा ओढला नाही. "पॉइंटवर उभ्या कुत्र्याला ओढायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आमच्यात ओढणाऱ्याला माणसात धरत नाहीत. पक्षी उडाला की तो आपोआप हलेल."

पक्षी म्हणजे सुप्रभा.

"मिसेस सुप्रभा, प्लीज, थोडं हलता का?"

"नाही," सुप्रभा म्हणाली.

पाऊस भुरभुरायला लागला. राजीवने तिच्या डोक्यावर छत्री धरली. तिचा डावा गुडघा ठणकत होता. राजीव घडीची खुर्ची आणायला निघाला. "नको," ती ओठ न हलवता म्हणाली, "बसले तर हलले असं धरतील." बाकीची कुत्री परीक्षा देऊन गाड्यांत जाऊन बसली, त्यांचे मालक मात्र थांबले. परीक्षक घड्याळ लावून उभे होते. एक तास. सव्वा तास. खंड्याचा उचललेला पाय थरथरत होता, पण खाली आला नाही.

"माझ्या वडिलांच्या एकाही कुत्र्याने हे केलं नाही," पेम्बर्टनबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी वाकून पट्टा सोडला. "पास मी याला म्हणणार नाही. पण माझ्या व्हॅनमध्येही घालणार नाही."

व्हॅन फाटकाबाहेर पडेपर्यंत सुप्रभा जागची हलली नाही. मग तिने नुसता हात पुढे केला. खंड्या असा येऊन आदळला की ती चिखलात धपकन बसली, आणि त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसून अख्ख्या क्लबसमोर हमसून हमसून रडली. "माझा आहे हा," ती मराठीतच सगळ्यांना सांगत होती. "माझा आहे."