लाल बादली आणि दोन तास

मी एक बादली आहे. आंघोळीची नव्हे, समुद्रावर वाळूत खेळायची; वीतभर उंचीची, लाल. सध्या स्पेनमध्ये, वायादोलिदच्या एका गॅलरीत कपड्यांचे चिमटे सांभाळते. मुद्दाम सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही. पण एक दिवस आहे.

माझा जन्म साच्यातला. आम्हा बहिणींना जाळीच्या पिशवीत भरून कादिसच्या स्टेशनासमोर एका दुकानाबाहेर टांगलं होतं. उन्हानं माझी एक बाजू फिकी पडली. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसायचा नाही. नुसता वास यायचा.

एके सकाळी एल्विरानं मला विकत घेतलं. सोबत तिची आई फेलिसा, आणि बाबागाडीत दीड वर्षांची हिमेना. नात्यातलं लग्न आटोपून तिघी एक दिवस शहर बघायला आल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यांच्या गावाला समुद्र नाही. लेकीचे पाय एकदा समुद्रात बुडावेत, एवढंच एल्विराला हवं होतं.

"चला, आधी समुद्र!" ती म्हणाली.

"आधी? पोरीनं आत्ता दूध-बिस्किट खाल्लंय. दोन तास पाण्याचं नाव काढायचं नाही. पचन अडलं म्हणजे?"

"आई, तसं काही नसतं. मी वाचलंय."

"आमच्या गावातला एक मुलगा कलिंगड खाऊन नदीत उतरला..."

"तो मुलगा प्रत्येकाच्याच गावात असतो!"

असं म्हणाली खरी, पण बाबागाडी वळवली ती शहराकडे. वाचलेलं खरंच असणार. पण लिहिणाऱ्यानं हिमेनाला कुठं पाहिलं होतं? मी दांड्याला लटकून निघाले.

मासळीबाजारात एका मासेवाल्यानं "घे गं राजकन्ये" म्हणत उकडलेली कोळंबी सोलून हिमेनाच्या तोंडात घातली. फेलिसानं घड्याळ पाहिलं.

"आता इथून दोन तास."

"एक कोळंबी, आई! एक!"

"पोटाला एक काय नि दहा काय."

मग पिवळ्या घुमटाचं कॅथेड्रल झालं. पायऱ्यांवर बसलेल्या एका अनोळखी बाईनं हिमेनाचा गालगुच्चा घेतला. "अगं, किती वाळलीये ही! खायला घालतेस की नाही?" आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. एल्विराचे कान लाल झाले. अशा वेळी नको म्हणणारी आई मी अजून पाहिलेली नाही. एक बिस्किट हिमेनानं खाल्लं, दोन माझ्यात पडली. बादलीच्या जन्माला येऊन मी खाऊ वाहत होते.

पुन्हा दोन तास. मग अरुंद गल्ल्या, एक मनोरा, आणि कागदाच्या पुडीतली तळलेली मासळी. ती टाळणं शक्यच नव्हतं. जेवणाची वेळच होती. पुन्हा दोन तास.

दुपारी किनाऱ्यालगतच्या एका भल्यामोठ्या झाडाखाली तिघी टेकल्या. समोर समुद्र. मला तो तेव्हा पहिल्यांदा दिसला. मोठा होता, एवढंच म्हणेन. फेलिसा पंख्यानं वारा घेता घेता पेंगली. एल्विरा घड्याळाकडे बघत राहिली. वेळ भरत आली होती.

तेवढ्यात हिमेना उठली आणि रडू लागली. एल्विरानं उचललं, डोलवलं, गाणं म्हटलं. रडं थांबेना. "वाळलीये," असं कुणीतरी म्हणून गेलं होतं ना. तिचा हात माझ्यात गेला, आणि बिस्किट हिमेनाच्या तोंडात.

मग तिला कळलं, आपण काय केलं ते.

फेलिसानं एक डोळा उघडला. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. पण नजर घड्याळाकडे गेलीच.

"आता तर गाडीचीच वेळ होईल," एल्विरा हळूच म्हणाली. "मीच दिलं. माझ्याच हातानं." आणि उगीचच बाबागाडीचे पट्टे नीट करत बसली. नीटच होते ते.

फेलिसा उठली. पंखा मिटला. मला दांड्यावरून काढलं, उलटं करून चुरा झटकला, चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरून वाळूत गेली. माझ्यात पाणी शिरलं. थंड होतं.

वर येऊन तिनं मला दगडी कठड्यावर ठेवलं.

"आई, अगं, दोन तास?"

"पोट आत घालायचं नाही. पाय कुठं जेवतात?" फेलिसा खेकसली. "थांब, आधी मान ओली करू दे. मनगटं पण. एकदम नको."

आणि मग हिमेनानं एक पाय माझ्यात घातला. दुसरा मावेना, म्हणून आळीपाळीनं. ती हसली का? नाही. खाली वाकून माझ्यात बघत राहिली, बराच वेळ. एल्विरा मात्र रडली, आणि "वारा किती सुटलाय" म्हणाली.

एवढंच. त्यानंतर मी समुद्र पाहिला नाही. चिमट्यांचं ओझं हलकं असतं, तक्रार नाही. फक्त कधी गॅलरी धुवायला काढलीत, तर मला आतून घासू नका. तळाशी मिठाची एक पांढरी कड आहे. ती घाण नव्हे.