सात नंबरच्या बसमधलं बदक

मी एक जुनं रबरी बदक आहे. एके काळी मी पिवळाधमक होतो. आता रंगाने रद्दीतल्या वर्तमानपत्रावर गेलो आहे. माझ्या पोटाखाली एक भोक आहे. त्यात पूर्वी शिट्टी होती. ती कधी पडली ते आठवत नाही, पण ती पडली म्हणूनच माझं नशीब उघडलं. कारण पुढे मला जी नोकरी लागली, तिची पहिली अट तोंड बंद ठेवणं ही होती.

होय मित्रांनो, नोकरी. नऊ वर्षं मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होतो. हसू नका. माझ्याहून कमी काम करणारे तिथे होते, आणि त्यांना फिरत्या खुर्च्या होत्या.

माझा जन्म साच्यातला. एका दमात आम्ही चोवीस भावंडं बाहेर पडलो. डोळे रंगवणाऱ्या यंत्राला माझ्या वेळी उचकी लागली असावी, कारण माझा डावा डोळा केसभर वर लागला. त्यामुळे मी सदैव "बरं, मग?" असं विचारल्यासारखा दिसतो. तपासणाऱ्या बाईंनी मला उचललं, बाजूला ठेवलं, एक जांभई दिली आणि पुन्हा खोक्यात टाकलं. त्या जांभईवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे.

सुरुवातीला मी एका चार वर्षांच्या मुलीच्या बादलीत तरंगायचो. तिची आई प्रोग्राम लिहायची. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. मीही ताईच म्हणतो. एका संध्याकाळी ताई डोकं धरून घरी आली. "दिवसभर एक चूक शोधतेय. सांगायचं तरी कुणाला? जो तो आपल्या कामात." मुलीने मला बादलीतून काढलं, फ्रॉकला पुसलं आणि आईच्या पिशवीत टाकलं.

"याला सांग. हे मध्ये बोलत नाही."

पोरीला ठाऊक नव्हतं, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ही जुनीच रीत आहे. गाडी अडली की समोर एखादा ढ श्रोता घ्यायचा आणि त्याला पहिल्या ओळीपासून समजावून सांगायचं. सांगता सांगता चूक आपल्याच तोंडून बाहेर पडते. या कामाला माणूस चालत नाही. माणूस दुसऱ्या वाक्याला सल्ला देतो आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःची गोष्ट सुरू करतो. बदक चालतं.

चप्पल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या वर आमच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या. कंपनीचं काम एका वाक्याचं: शाळेची बस कुठे आहे ते घरच्यांना कळवायचं. ताई मला रोज सांगायची, "हे बघ, बस निघाली. बस थांबली. आता बस हरवली." मी ऐकायचो आणि मनात एकच प्रश्न घोळवायचो: बस म्हणजे काय असतं? मी ती कधी पाहिली नव्हती. ऐकून ऐकून मी एवढंच ठरवलं होतं की बस नावाचा कुणीतरी उनाड नातेवाईक आहे, जो सारखा उशीर करतो आणि ज्याच्यासाठी आया फोन करतात.

आमचे साहेब मनाने चांगले. फक्त वर्षातून दोनदा ते मोठ्या संमेलनाला जायचे. लोक प्रवासातून सर्दी घेऊन येतात, तसे ते तिथून एक नवा शब्द घेऊन यायचे, आणि आठवड्याभरात तो सगळ्या ऑफिसला व्हायचा. मी आलो तेव्हा आम्ही साइट होतो. मग ॲप झालो. मग प्लॅटफॉर्म. एकदा सगळं 'क्लाउड'वर गेलं. मी दोन दिवस खिडकीतून आभाळ निरखत होतो, काही दिसलं नाही. त्यानंतर आम्ही इकोसिस्टीम झालो. दर बारशाला केक कापला जायचा आणि दारावरची पाटी बदलायची. खाली चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर इतकी वर्षं 'चप्पल दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं होतं. गर्दी मात्र त्याच्याकडे जास्त.

एका संमेलनातून परतल्यावर साहेब म्हणाले, "लोकांना आता नकाशा नको आहे. लोकांना उत्तर हवंय." म्हणून ॲपमधला बस दाखवणारा नकाशा काढून टाकला. बस पोहोचली की घरच्यांच्या फोनवर एक गोड वाक्य जाऊ लागलं: 'तुमचं मूल शाळेत सुखरूप पोहोचलं आहे.' बस कुठून कुठे गेली ती नोंदही फेरी संपताच पुसली जायची. मुलांचा ठावठिकाणा कुणाच्या हाती लागू नये म्हणून ताईनेच तसं करायला लावलं होतं, आणि ते योग्यच होतं.

मग शहाणा आला.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. ऑफिसने 'शहाणा' ठेवलं. विचाराल त्याचं उत्तर देणारा प्रोग्राम. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो भराभर काम करायचा, केक मागायचा नाही. मला त्याच्याविषयी फार कुतूहल होतं. काहीही विचारलं की आधी तो प्रश्नाचं कौतुक करायचा, मग सात कारणं द्यायचा, आणि शेवटी आणखी सात हवीत का म्हणून विचारायचा. 'मला माहीत नाही' असं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नाही. मी तर जन्मभर दुसरं काही म्हटलेलंच नाही.

माझी जागा कीबोर्डशेजारून संगणकाच्या पडद्यामागे गेली. तिथे एक सुकलेलं रोप आणि मी. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून चुका शोधायचं काम शहाण्याकडे. ताईंचं काय करायचं ते बघू." 'बघू' या शब्दाचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना कळतो. ताईलाही कळला. त्या दिवशी तिने डबा न उघडता घरी नेला.

आणि एका गुरुवारी सकाळी फोन वाजला. एक आजी बोलत होत्या. आवाज इतका चढलेला की पडद्यामागे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझी नात चष्मा विसरली म्हणून मी शाळेत फोन केला. शाळा म्हणते, आली नाही. तुमचा फोन म्हणतो, सुखरूप पोहोचली. मग माझी नात आहे कुठे?"

नात निरोपानंतर तेरा मिनिटांनी शाळेत पोहोचली. हसत, खेळत, चष्म्याशिवाय. पण आजींची ती तेरा मिनिटं कोण भरून देणार? ताईने जुने निरोप काढून शाळेतल्या नोंदींशी ताडून पाहिले. नातीची सात नंबरची बस इतर दिवशी वेळेवर पोहोचत होती. गेले आठ गुरुवार मात्र निरोप तेरा मिनिटं आधी गेले होते. त्यातला एक निरोप दर वेळी ताईच्या स्वतःच्या फोनवर आला होता. तिची मुलगी, माझी बादलीवाली, आता तेरा वर्षांची, त्याच बसने जायची.

मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर तुमचं ॲप बंद. शाळा आमच्याकडची सगळ्यात मोठी.

ताईने शहाण्याला विचारलं. तो म्हणाला, "फारच छान प्रश्न!" आणि उपग्रहापासून उन्हाळ्यापर्यंत सात कारणं दिली. ताईने सातही तपासली. मग आणखी सात. बुधवारी दुपारी तिने खुर्ची मागे ढकलली, पडद्यामागे हात घातला आणि मला बाहेर काढलं. अंगावरची धूळ फुंकली.

"ऐक रे बाबा. पहिल्यापासून सांगते. बस निघते. मुलं चढतात. बस शाळेत पोहोचते."

मी बघत राहिलो. माझा डावा डोळा म्हणाला, बरं, मग?

"मग निरोप जातो. आता बस पोहोचली हे प्रोग्रामला कसं कळतं? पूर्वी ड्रायव्हर बटण दाबायचे. ते विसरायचे. आणि दीडशे शाळांची दारं नकाशावर कोण टिपत बसणार? म्हणून मग आपण लिहिलं, की बस दहा मिनिटं जागची हलली नाही, की..."

ती थांबली. मित्रांनो, हीच ओळ नऊ वर्षांपूर्वी ती मला हसत हसत सांगत होती. "दहा मिनिटं हलली नाही म्हणजे शाळाच आली, दुसरं काय?" मलाही तेव्हा ते पटलं होतं. बसच न पाहिलेल्या बदकाला पटायला काय जातं!

"म्हणजे मीच," ताई हळूच म्हणाली. आणि मग, "पण गुरुवारीच दहा मिनिटं कुठे थांबते ही?"

ते ना तिला माहीत होतं ना मला; फेरीची नोंद तर रोजच पुसलेली. शहाण्याला विचारायला ती वळली, आणि बोटं कीबोर्डवर ठेवून तशीच बसून राहिली. मग तिने मला उचलून पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलीबरोबर बसच्या थांब्यावर उभी राहिली.

"आई, तू कशाला येतेस?"

"बस बघायला."

"बस बघायला? मैत्रिणी काय म्हणतील! मागे बस हं, आणि मला हाक मारू नकोस."

मी पिशवीतून मान काढली आणि बस पाहिली. मित्रांनो, ती केवढी मोठी होती! तिला चाकं होती, वास होता, खिडक्यांवर नाकाचे ठसे होते. ऑफिसात यातलं कुणी काही बोललंच नव्हतं. पोरांनी मला ओढून काढलं, हातोहात पुढे नेलं, आणि ड्रायव्हरकाकांनी मला समोरच्या काचेशी बसवलं. "बस बाबा, तूही बघ."

तिसऱ्या वळणानंतर रेल्वेचं फाटक पडलं आणि बस उभी राहिली. पोरांनी एकच गिल्ला केला. "आली, आली! मोजा!" समोरून मालगाडी जात होती, सावकाश, जावई सासरी निघाल्यासारखी. सगळी बस डबे मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस. गाडी गेली तरी फाटक उघडेना; मागून रिकामं इंजिन यायचं होतं.

तेवढ्यात ताईच्या हातातला फोन वाजला.

'तुमचं मूल शाळेत सुखरूप पोहोचलं आहे.'

तिचं मूल तिच्या पुढे दोन सीट सोडून, गुडघ्यांवर उभं राहून, इंजिनाला हात करत होतं.

"हे दर गुरुवारी असतं?" ताईने विचारलं.

"हो. दोन महिने झाले," मुलगी मागे वळून म्हणाली.

"अगं, मग मला सांगितलं नाहीस ते?"

"तू विचारलंस कधी? तुझ्या फोनला तर सगळं माहीत असतं."

काका आरशातून ताईकडे बघत होते. "बाई, तुमचं यंत्र नऊ वर्षं माझ्या बसमध्ये आहे. तुमच्यातलं माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

"बटण होतं ना, काका, तेव्हा तुम्ही विसरायचात."

"विसरणारच. बटण माझ्या नाकासमोर. हात लागला काय, नाही लागला काय. शेवटच्या सीटवर लावा. म्हणजे गाडी सोडण्याआधी मला मागपर्यंत चालत जावं लागेल, आणि कुणी पेंगत राहिलंय का तेही दिसेल."

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांना फोन लावून तो टेबलाच्या मध्यावर ठेवला होता. मी शेजारी. शहाण्याने पत्र तयार केलं होतं, वाचताना डोळ्यांत पाणी यावं असं; त्यात सगळा दोष उपग्रहाचा होता. साहेबांनी ताईला खुणावलं, वाचा. ताईने कागद उलटा ठेवला.

"उपग्रहाचं काही नाही. चूक माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी मी लिहिलेली. बस दहा मिनिटं उभी राहिली की शाळा आली असं मी धरून चालले होते. गुरुवारी ती रेल्वेच्या फाटकाशी उभी असते. माझी स्वतःची मुलगी त्या बसमध्ये असते."

साहेबांनी डोळे मिटले. पलीकडून प्रश्न आला, "हे तुम्हाला कळलं कसं?"

"बसमध्ये बसले."

"बरं. मग?"

मी दचकलो. अगदी माझ्या डाव्या डोळ्यासारखं विचारलं बाईंनी. ताईने काकांचं बटण सांगितलं. पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. "सोमवारी बसवा. आणि त्या आजींना तुम्ही स्वतः फोन करा. पत्र नको." शाळा राहिली. ताईही राहिली, 'बघू' हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

साहेबांनी मात्र यातून बोध घेतला. पुढच्या संमेलनातून ते नवा शब्द घेऊन आले नाहीत, घेऊन गेले: 'बदक'. परतल्यावर त्यांनी डझनभर नवी बदकं मागवली, प्रत्येक टेबलावर एक, छातीवर कंपनीची खूण. पाटीही बदलली. ती बदकं देखणी आहेत, डोळे अगदी सरळ. त्यांच्याकडे बघून कुणालाही पुढे काही बोलावंसं वाटत नाही. बरीचशी अजून वेष्टनातच आहेत.

मी आता तिथे नसतो. काकांनी मला मागून घेतलं. मी काचेशी बसतो, पोरं मला गणिताच्या मास्तरांच्या तक्रारी सांगतात, आणि शाळेच्या दारात काका शेवटच्या सीटपर्यंत चालत जातात ते मी आरशात बघतो. महिन्यातून एका गुरुवारी ताई येते. मुलगी अजून तिला मागेच बसवते.

मित्रांनो, शहाण्याला जरूर विचारा. त्याला पुष्कळ येतं. माझ्यासारखं एखादं मुकं बदक मिळालं तर त्यालाही सांगा, आणि ते जुनं झालं म्हणून पडद्यामागे टाकू नका. पण एक लक्षात ठेवा. नऊ वर्षं मी बसबद्दल ऐकलं, आणि त्या बसला कधी फाटक लागलं नव्हतं. सांगून झालं, विचारून झालं, की उठा आणि एकदा बघून या. जाताना ड्रायव्हरला नमस्कार करा. त्याला बहुधा आधीच माहीत असतं.

बघा, फाटक पडलं. फोन असू दे खिशात. मोजा: एक, दोन, तीन...