फोटोतली बायको

स्वतःची बायको ओळखू येऊ नये, यासारखी फजिती नाही. हुमबहादुर भंडारीची ती फजिती जपानात झाली, सरकारी कचेरीत, दुभाष्याच्या साक्षीने. नेपाळातल्या गलकोटच्या डोंगरात ही गोष्ट पोचली असती तर तीजच्या सणाला बायकांनी तिच्यावर गाणं रचलं असतं. पोचली नाही, एवढंच त्याचं नशीब.

हुम गलकोटचाच. तिथे घरटी एक तरी मुलगा नान भाजायला जपानात गेलेला असतो, आणि मागे म्हातारी माणसं, सुना आणि म्हशी राहतात. हुम तोयोहाशी शहरात पदम साहूच्या हॉटेलात तंदूरवर होता. हॉटेलवर पाटी भारतीय जेवणाची, भिंतीवर चित्र ताजमहालाचं आणि स्वयंपाकघरात सगळे नेपाळचे, असा तो कारभार. साहू, म्हणजे मालक, त्याच्याच पलीकडच्या गावचा. माणूस वाईट नव्हता, फक्त सुट्टीचं नाव काढलं की त्याला ऐकू यायचं बंद व्हायचं.

हुमची बायको तिलकुमारी गावी होती. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातला संसार महिनाभराचा. तिला इकडे आणायचं म्हणजे इकडूनच अर्ज करायचा. पहिला अर्ज परत आला. लग्न झालेलं दिसतंय, पण त्यापुढे नवरा-बायको म्हणून राहिल्याचं काही दाखवा, असं कचेरीचं म्हणणं. दाखवणार काय? लग्नानंतरच्या महिन्यात काढलेले सगळे फोटो ज्या मोबाइलमध्ये होते, तो पकोडे तळताना कढईत पडला होता. साहूने तेल वाया गेलं म्हणून बोल लावला, मोबाइलबद्दल कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मात्र हुमकडे एक फोटो होता. मधल्या काळात वडील वारले आणि तो धावत घरी गेला होता. तेरा दिवस तो आणि थोरला भाऊ सुतकात बसले. मुंडण केलेलं, अंगावर न शिवलेलं पांढरं, खाली गवताची चटई, स्वतःच्या हाताने शिजवलेला एक वेळचा बिनमिठाचा भात. त्यांना कुणी शिवायचं नाही, त्यांनी कुणाला शिवायचं नाही. चौदाव्या दिवशी साहूचा फोन आला आणि पंधराव्या दिवशी हुम विमानात होता. म्हणजे बायको त्याच घरात, दहा पावलांवर, आणि गाठ पडली नाही ती नाहीच.

त्या तेरा दिवसांतला हा फोटो. अंगणात पुढे दोघे भाऊ, मागे पांढऱ्या वस्त्रांत, डोक्यावरून पदर घेतलेल्या घरातल्या बायका. तिलकुमारीनेच तो मागाहून पाठवला होता. हुमने नीट न बघताच अर्जाला जोडला. घरातला फोटो आहे, म्हणजे घरातली बायको त्यात असणारच, असा साधा हिशेब.

तिलकुमारीने एकदा शांतपणे सांगून ठेवलं होतं. वर्षभराचं सुतक, म्हणजे बरखी, फिटेपर्यंत ती वाट बघेल. तोवर जपानचा कागद आला नाही तर मावसबहिणीने बोलावलंय तिकडे सायप्रसला जाईल, कुणा म्हातारीची शुश्रूषा करायला. "मग तुम्ही तिकडे, मी आणखी तिकडे आणि म्हैस आईंकडे," ती म्हणाली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हुमला काहीतरी बोलता तरी आलं असतं.

बरखी फिटायला आता महिनाच उरला होता, आणि दुसराही अर्ज नामंजूर झाला.

का झाला ते एकदा समक्ष जाऊन विचारता येतं. हुम गेला. छोटी खोली, टेबलापलीकडे चष्म्यातले एक सभ्य गृहस्थ, आणि फोनवर दुभाष्या. तो पूर्व नेपाळातल्या झापाकडचा असावा, त्याची नेपाळी पुस्तकासारखी शुद्ध. साहेबांनी आधी विचारलं, पत्नीशी किती वेळा बोलता? हुम म्हणाला, रोज. काय बोलता? हुमने खूप आठवून पाहिलं. कागद आला का, ती विचारते. नाही आला, तो सांगतो. भात खाल्लास का, आई मागून ओरडते.

"कागदाबद्दल बोलतो," तो म्हणाला.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग तो फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, यात तुमच्या पत्नी कोणत्या?

हुमने मागच्या रांगेतल्या एका बाईवर बोट ठेवलं. साहेबांनी शेजारी तिलकुमारीच्या पासपोर्टवरचा फोटो ठेवला. ती थोरली वहिनी होती, पन्नाशीची. हुमने बोट शेजारी सरकवलं. ती बहीण. तिच्यापुढची काकू. बोट रांगेच्या टोकाला पोचलं आणि तिथे कुंपण लागलं.

"पासपोर्टच्या फोटोत यांच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे," दुभाष्या सावकाश सांगत होता. "या फोटोतल्या एकाही स्त्रीला तो नाही. आमचं म्हणणं इतकंच, की त्या यात दिसत नाहीत."

साहेब मान झुकवून उठले. नवा पुरावा मिळाला तर पुन्हा अर्ज करा म्हणाले. कुणी ओरडलं नाही, कुणी खोटारडा म्हणालं नाही. हुमला लाज वाटायला हवी होती, ती वाटेना. वडील गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. बापाच्या बरखीत मांसाला हात लावायचा नाही, आणि तो दिवसभर कोंबडी मसाल्यात मुरवत होता. वर्षभर पांढरं नेसायचं, तर साहू आचाऱ्याचा कोट दाखवून म्हणाला होता, "पांढरंच तर आहे की, कांछा, धाकट्या. बाप वरून बघेल तर खूष होईल." सगळे हसले होते. हुमही हसला होता. हसू आलं म्हणून नाही, सगळे हसत होते म्हणून.

परतीच्या गाडीत त्याने तो फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला. बायकोला व्रण होता, हे त्याला आज त्या जपानी माणसाकडून कळलं होतं.

दुपारची गिऱ्हाइकं उठून रात्रीची यायच्या मधल्या वेळात त्याने मागच्या दाराशी बसून फोन लावला. तिलकुमारी नेहमीसारखी दिसली, म्हणजे दिसली नाही. ती फोन कशाला तरी टेकवून ठेवायची आणि काम करत बोलायची. पडद्यावर गोठ्याचं छप्पर आणि टांगलेली मक्याची कणसं. मागून विळ्याचा आवाज.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"नाही म्हणाले."

विळा थांबला, पुन्हा सुरू झाला. "बरं," ती म्हणाली. "सायप्रसवाल्या एजंटाला कळवायला पाहिजे मग. त्याला परवापर्यंत हो की नाही सांगायचंय."

आईने लांबून विचारलं, कांछा भात खाल्लास का. त्याने खाल्ला म्हणून सांगितलं. मग फोन ठेवायची वेळ झाली. रोज ती इथेच व्हायची.

हुमने ठेवला नाही. "त्या फोटोत तू कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"कुठल्या?"

"बाबांच्या सुतकातल्या."

"मी कशी असेन त्यात? तो मीच काढला." ती हे इतक्या सहज म्हणाली की हुमला वाटलं, ही गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्या जगाला ठाऊक होती. "वहिनी म्हणाल्या, धाकटीला फोन चालवता येतो, तिला काढू दे. का?"

"साहेबांनी विचारलं यातली तुझी बायको कोणती. मी वहिनीवर बोट ठेवलं."

विळा पुन्हा थांबला.

"थोरल्या वहिनीवर?"

"हो. मग ताईवर. मग काकूवर."

"काकूंवर," ती म्हणाली. तिने हसू दाबलं की आणखी काही, ते छपराकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. मग म्हणाली, "नीट बघा तो फोटो. सगळे खाली बघतायत. तुम्ही एकटे वर बघताय."

हुमने बघितलं. खरंच होतं. डोकं मुंडलेला, गाल बसलेला एक माणूस थेट समोर बघत होता.

"मी म्हटलं होतं, जरा वर बघा," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत. तेरा दिवसांत तुम्ही माझ्याकडे बघितलं ते तेवढं एकदाच. म्हणून मी तो ठेवला. मला काय ठाऊक तुम्ही तो त्यांना द्याल."

त्या माणसाच्या डोळ्यांत काय होतं, हे हुमला ओळखू येईना. दुःख नव्हतं, प्रेम म्हणावं तर तेही नव्हतं. कुणी वर बघ म्हटलं आणि त्याने बघितलं होतं. आत साहूने भांडी आपटायला सुरुवात केली होती, कणीक तिंबायची वेळ झाली होती.

"फोन सरळ धर," हुम म्हणाला.

"कशाला?"

"बघायचंय."

छप्पर हललं, कणसं बाजूला गेली, एक क्षण म्हैस दिसली आणि मग तिलकुमारीचा चेहरा आला. केसांत गवताची काडी. सासऱ्याच्या बरखीमुळे अंगावर लाल काही नाही, भांगही कोरा. डाव्या भुवईवर तिरकी, पांढुरकी रेघ होती. ती लाजली नाही. दाराला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"तो व्रण कशाचा?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नाही ठाऊक?"

"नाही."

"वरातीच्या जीपचं दार लागलं. चढताना. आपण दोघंच होतो मागे." तिने बोटाने ती रेघ चाचपली. "रक्त पुसायला तुम्हीच रुमाल दिलात."

हुमने आठवायचा प्रयत्न केला. जीप आठवली, बँडवाल्यांचे लाल कोट आठवले, गळ्यातल्या हारांचं ओझं आठवलं. रुमाल आठवेना. हो, आठवतं, असं म्हणणं सोपं होतं, आणि कुठल्याही नवऱ्याने तेच म्हटलं असतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"मला आठवतं ना." ती म्हणाली. "तो रुमाल आहे अजून पेटीत. डाग गेला नाही त्याचा. तुमच्या साहेबांना चालेल का तो, विचारून बघा. मी सायप्रसवाल्याला तोवर थांब म्हणते."

हुमने विचारतो म्हटलं. आत साहूने हाक मारली, तरी तो तिथेच बसून राहिला, आणि पलीकडे तिने फोन तसाच सरळ धरून ठेवला होता.