एकशे तेरावी फेरी

लर्लीन स्टेमीइतकी चोख फेऱ्या मोजणारी बाई कॅरोलायनाच्या त्या लाल मातीत दुसरी नव्हती. सगळे तिचं कौतुक करायचे आणि तिचा नवरा ऑर्विल आतल्या आत जळायचा.

पाइन फोर्कच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर प्रत्येक गाडीसाठी एक मोजणारी असे. लाकडी फळ्यांवर बायका ओळीने बसत, समोर भलंमोठं घड्याळ. आपली गाडी समोरून गेली की घड्याळातली वेळ कार्डाच्या पुढच्या चौकोनात टिपायची. शर्यत दोनशे फेऱ्यांची, गाड्या तीस, आणि धूळ अशी की कोण कोणाच्या पुढे आहे ते ड्रायव्हरलाही धड कळत नसे. शेवटी कार्डं सांगतील तो जिंकला. मोजणाऱ्यांचा मुख्य, म्हातारा प्रीचर्ड, याने एक नियम मात्र कडक ठेवला होता: बायकोने नवऱ्याची गाडी मोजायची नाही. प्रेमाने फेऱ्या वाढतात, असं त्याचं म्हणणं. ते त्याने अनुभवावरूनच ठरवलं असणार.

म्हणून ऑर्विलची सत्तावीस नंबरची गाडी मेव्हिस पार्ड्यू मोजायची, आणि मेव्हिसच्या धाकट्या भावाची, कॉयची, आठ नंबरची गाडी लर्लीनकडे होती. मोजणारी म्हणून कॉयने तिलाच मागून घेतलं होतं. चोवीस वर्षांचं पोर, लग्नाचा पत्ता नाही, आणि दोन वर्षांत अकरा शर्यती खिशात. ऑर्विल चाळिशीला टेकला होता. चौदा वर्षं गाडी हाकून त्याच्या नावावर पाइन फोर्कची एकही शर्यत नव्हती. दुसरा, तिसरा, पाचवा, एकदा तर चाक निखळून थेट मक्याच्या शेतात. आणि आता कमरेनं अशी काही कुरकुर चालवली होती की हा मोसम शेवटचा, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. जायच्या आधी एकदा, फक्त एकदाच, पहिलं यायचं होतं त्याला.

कॉय जिंकतो याचा राग होताच. पण खरं झोंबायचं ते वेगळंच. दोन-दोन तास आपली बायको त्या पोराच्या गाडीवरून नजर हलवत नाही, हे त्याला सहन होत नसे. शर्यत संपली की कॉय टोपी काढून तिच्यापुढे उभा राहायचा, "मिस लर्लीन, तुम्ही आहात म्हणून मला मागं वळून बघावं लागत नाही," म्हणायचा, आणि ती हसायची. तसं हसणं घरच्या जेवणाच्या टेबलावर शेवटचं कधी पाहिलं, हे ऑर्विल आठवत बसायचा. एकदा त्याने तोंड वाकडं करून तिला विचारलंही होतं, की त्या पोराची इतकी काय ती काळजी. तिने सोयाबीनच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं, की काळजी कार्डाची आहे, पोराची नाही. त्याला ते पटलं नाही. मत्सरी माणसाला सरळ उत्तर कधी पटलंय?

त्या शनिवारी दुपारी तो जीव तोडून गाडी चालवत होता. शंभराव्या फेरीनंतर तो आणि कॉय दाराला दार घासत धावत होते. एकशे तेराव्या फेरीत तिसऱ्या वळणावर सत्तावीस नंबर घसरली, कठड्यावर आदळली आणि उलट्या तोंडाने धुळीत उभी राहिली. कॉय शेजारून निघून गेला. ऑर्विलने डोकं झटकलं, इंजीन पुन्हा चालू केलं, आणि उरलेला वेळ त्याच्यामागे घालवला. त्याला गाठता काही आलं नाही. झेंडा पडला तेव्हा आठ नंबर जवळजवळ अर्धी फेरी पुढे होती. पुन्हा दुसरा, असं स्वतःशी म्हणत ऑर्विल गाडीतून उतरला.

आणि कर्ण्यातून प्रीचर्डचा आवाज आला: कार्डं तपासली, आठ नंबरच्या एकशे नव्व्याण्णव फेऱ्या, सत्तावीसच्या दोनशे. विजेता ऑर्विल स्टेमी. हरकत असेल तर अर्ध्या तासात.

लोक धावले, त्याला खांद्यावर घेतलं, कोणीतरी हातात कोंबडीची तंगडी दिली. तोही हसला. मग त्याला कॉय दिसला, आपल्या गाडीला टेकून उभा. कोणीतरी त्याला हरकत घे म्हणत होतं. तो मान हलवून म्हणाला, "मिस लर्लीनच्या कार्डात नाही ना? मग नसणारच ती फेरी."

एवढा विश्वास! ऑर्विलच्या तोंडातली कोंबडी कडू झाली. तो तंगडी टाकून फळ्यांकडे गेला. लर्लीन एकटीच बसली होती, मांडीवर कार्डाची दुसरी प्रत. चेहरा पांढरा पडलेला.

"एकशे तेरावी बघ," ती म्हणाली.

त्याने बघितलं. सगळ्या चौकोनांमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांचं अंतर. एकशे बारा आणि एकशे तेराच्या मध्ये पंचावन्न.

"एक फेरी गळली," तो म्हणाला. "तुझ्याकडून? कुठं बघत होतीस?"

"तुझी गाडी आदळली. तू हलत नव्हतास. तू हलेपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही."

ऑर्विलने पंचावन्नचा आकडा पुन्हा वाचला. चौदा वर्षांत त्याला कोणी असं काही दिलं नव्हतं.

"मी प्रीचर्डकडे जाते," ती उठत म्हणाली. "आत जाऊन एकट्याला सांगते. चूक माझी आहे, मलाच सांगू दे. तुझी शर्यत जाईल, त्याबद्दल माफ कर मला."

पण तो निघालाही होता. शर्यत गेली तर जाऊ दे. गप्प बसलो तर ती कुठं बघत होती हे जगाला कधी कळणार नाही, आणि त्या पोराला तर मुळीच नाही! ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घुमत होती. प्रीचर्डच्या टेबलाभोवती चाळीसेक माणसं होती, कॉय होता, मेव्हिस होती, मोजणाऱ्या सगळ्या बायका होत्या. ऑर्विलने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शर्यत कॉयची आहे. लर्लीनने एक फेरी टिपलीच नाही. ती माझ्याकडे बघत होती." आणि मग थेट कॉयकडे वळून, सावकाश, पुन्हा म्हणाला, "माझ्याकडे."

कॉयने टोपी काढली आणि खाली बघितलं. लोकांनी ऑर्विलच्या पाठीवर थापा मारल्या. असा सच्चा माणूस पाहिला नाही म्हणाले. मागे बायकांमध्ये कोणीतरी हसलं. प्रीचर्डने चष्मा पुसला आणि मागोमाग आलेल्या लर्लीनला हळूच म्हणाला, की पुढच्या शनिवारपासून तिने जरा विश्रांती घ्यावी.

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. नऊ वर्षांत तिच्या कार्डात एक खाडाखोड नव्हती.

गाडीत बसल्यावर ऑर्विलने तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"ऑर्विल," तिने विचारलं, "तू तिथं खरं सांगायला गेलास, की कॉयला सांगायला?"

त्याने गाडी सुरू केली. घर येईपर्यंत ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.