नीलाचं बोलणं

सहा वर्षांची नीला म्हणायची, "बाबा ये. आई भाकरी कर." बाबा आले आहेत का यायचे आहेत, भाकरी झाली आहे का हवी आहे, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. तिच्या पाठचा भाऊ तीन वर्षांचा. तो म्हणायचा, "मी अंघोळ करली." त्यावर सगळी चाळ हसायची, आणि दोन-चार महिन्यांत स्वारी आपली आपण "केली" म्हणू लागली. नीला मात्र होती तिथेच. चुका दोघांच्याही, मग एकीलाच का चिकटून बसल्या, हे त्यांच्या आईला, अनसूयाला, काही केल्या उमगेना.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा! दिघाशीहून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "चाळीमागच्या कारखान्यातल्या लूमच्या आवाजानं पोरीचं कान गेलं हाय." कान तपासले, ठणठणीत निघाले. नवरा शरच्चंद्र कचेरीत कारकून, त्याने फर्मान काढलं, "शेजारची हिंदी बंद कर. दोन भाषांत पोरगी गोंधळते." दोष द्यायला कुणीतरी सापडलं म्हणून अनसूयाला केवढं हायसं वाटलं! शेजारी कनीज राहायची. तिची मुलगी नीलाची एकुलती एक मैत्रीण. कुणाला काही न सांगता अनसूयाने दाराला कडी घातली.

धाकट्याला कोण अडवणार? तो मागच्या दाराने कनीजकडे सटकायचा आणि दोन्ही भाषांत बडबडत परत यायचा. नीला खिडकीत बसून राहायची. आधी मोडकंतोडकं का होईना, बोलायची तरी. आता तेही थांबलं. जूनमध्ये शाळेत घालायची वेळ आणि पोर मुकी झाली की काय? अनसूयाचा जीव थाऱ्यावर राहीना.

शेवटी ठाण्याला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी घरची सगळी हकीकत ऐकली, चित्रं दाखवली, नीलाशी खेळल्या. मग म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. काही मुलांना क्रियापदं आपोआप जमत नाहीत, शिकवावी लागतात. वेळ लागेल. शाळेत मात्र घाला."

"पण हिंदीमुळे..."

"धाकटाही त्याच घरात खेळतो ना? तो कसा बोलतो?"

अनसूया म्हणाली, "म्हणजे चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. ती सगळ्यात जास्त कुणाशी बोलायची?"

कुणाचंच नाही! एस.टी.त बसल्यावर तिला संतापच आला, पण तो बाईंवर, नवऱ्यावर की स्वतःवर, ते तिलाच कळेना.

घरी न जाता तिने नीलाला थेट कनीजच्या दारात नेलं. कनीजने धावत येऊन पोरीच्या कपाळाला हात लावला.

"बीमार थी ना? खिड़की में बैठी दिखती थी. मैं तो रोज दुआ माँगती थी, बहन. क्या हुआ था बच्ची को?"

नीला तिच्या कमरेला बिलगली. "खाला, मी ये. रोज ये."

अनसूयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उसको कुछ नहीं हुआ था," ती म्हणाली. "मैंच छोड़ती नहीं थी."